हैबतीचं पाणी

मी एक जुनी कादंबरी आहे, मित्रांनो. नाव मात्र विचारू नका. माझं नाव कव्हरावर होतं आणि ते कव्हर मोखाड्याच्या आठवडी बाजारात सुकटीच्या पुडीला गेलं. त्याच्या पाठोपाठ पहिली आठ पानंही गेली. मला कोणी लिहिलं, कधी लिहिलं, हेसुद्धा आता माझ्याजवळ लिहिलेलं नाही. एके काळी याचा मला भयंकर राग यायचा. अहो, अभिजात म्हणायचे मला! आणि अभिजात बाईने सुकटीचा वास अंगाला लावून हिंडायचं? पण तो राग गेला. कसा गेला, तेच सांगायला बसले आहे.

माझा जन्म छापखान्यातला. तेव्हा अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक करून जुळवत. माझं पान लावणारा माणूस तोंडात तंबाखूचा बार धरून माझ्या ओळी उलट्या वाचायचा. शेवटच्या पानाशी आला तेव्हा त्याचा हात थांबला. त्याने बार थुंकून टाकला, नाक पुसलं आणि मग पुढचा खिळा उचलला. तेव्हाच मला कळलं की आपण काही साध्यासुध्या नाही. पुढे सोळा-सोळा पानांचे फर्मे दुमडले गेले, जाड दोऱ्याने शिवले गेले, आणि मी जव्हारच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात येऊन उभी राहिले.

माझ्यात गोष्ट आहे हैबतीची. हैबती एका कोरड्या गावचा माणूस. गावाच्या वर डोंगरात झरा आहे, पण त्याचं पाणी पलीकडच्या दरीत वाहून जातं. हैबतीच्या डोक्यात येतं की पाट खणायचा आणि हे पाणी गावात आणायचं. झालं! पहार घेऊन एकटा निघतो तो एकोणीस वर्षं खणतच राहतो. लोक हसतात. बायको भांडते, पाच वेळा माहेरी जाते आणि पाच वेळा परत येते. सहाव्यांदा येत नाही. शेवटी पाटाच्या वाटेत एक कातळ आडवा येतो. त्यापुढे काय होतं ते शेवटच्या सोळा पानांत आहे. ते मी आत्ताच सांगणार नाही.

कॉलेजात माझा थाट होता. दरवर्षी परीक्षेत माझ्यावर एक प्रश्न हमखास असायचा: 'हैबतीच्या व्यक्तिरेखेतून स्वप्न आणि वास्तव यांचा संघर्ष स्पष्ट करा.' मुलं माझी शेवटची पानं उघडायची, दोन वाक्यांखाली रेघ ओढायची आणि मला बंद करायची. सरही वर्गात सांगायचे, स्वप्न हरतं आणि वास्तव जिंकतं, एवढं लिहा म्हणजे झालं. मधलं कोणी वाचतच नसे. माझ्या अकराव्या प्रकरणात हैबती लाकडी डोणीत पाणी भरून जमिनीची पातळी कशी बघतो, ते सहा पानं सविस्तर सांगितलं आहे. त्यावर एका मुलाने पेन्सिलीने आडवी रेघ मारून ठसठशीत अक्षरांत लिहून ठेवलं, 'वगळा.' पुढच्या मुलांनी ते इमानदारीने वगळलं. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. लाकडाच्या डोणीचं कसलं कौतुक? मला माझ्या शेवटाचा गर्व होता.

मग अभ्यासक्रम बदलला. मी मागच्या रांगेत गेले, तिथून खालच्या फळीवर, तिथून पोत्यात. पोतं रद्दीवाल्याकडे आणि रद्दीवाल्याकडून मोखाड्याच्या बाजारात, एका सुकटवाल्याच्या पाटीशेजारी. तो मागे न बघता हात न्यायचा आणि पान फाडायचा. टर्र... एक पुडी. टर्र... दुसरी पुडी. आपण संपत चाललो आहोत, हे मला पुडी-पुडीने कळत होतं.

नववं पान फाडायला हात आला आणि समोरून आवाज आला, "मामा, फाडू नका. राहिलेलं अख्खंच मला द्या."

"अगं रद्दी हाय ती बाय."

"असू दे. मला सुकट पानाशिवाय द्या, पदरात घेईन. पण ते द्या."

ती रविना. सूर्यमाळच्या बाजूच्या एका पाड्यावरची, सतरा वर्षांची पोर. मोखाड्यात राहून अकरावी करत होती. तिच्या हातात एक घडी घातलेला कागद होता. जीपमध्ये बसल्यावर तिने तो माझ्या पानांमध्ये ठेवला. मित्रांनो, तो तिचा कॉलेज सोडल्याचा दाखला होता. त्याच दिवशी ती तो काढायला आली होती.

का काढला, ते ऐका. वैशाखात आमच्या पाड्यावर पाण्याचे हाल होतात. पाड्याच्या खाली एक झिरा आहे, म्हणजे कातळाच्या बुडाशी ओंजळभर खड्डा. त्यात पाणी पाझरतं ते वाटीने भरायचं. एक हंडा भरायला अर्धी सकाळ जाते. झिरा आटला की टेकाड चढून पलीकडे उंबराच्या झऱ्यावर जायचं. तो बारा महिने वाहतो, पण तिथून भरला हंडा घेऊन पुन्हा टेकाड चढायचं म्हणजे छातीचा भाता होतो. रविनाची आई वेणू गेल्या वर्षी तिथेच दोन हंड्यांसकट पडली. कंबर धरली ती धरलीच. बाप रघु ठाण्याला बिल्डिंगच्या कामावर. मग पाणी कोणी आणायचं? रविनाने. कॉलेज कोणी सोडायचं? रविनाने. कोणी तिच्यावर जबरदस्ती केली नाही. वेणू तर रडून म्हणाली होती, "माझ्यापायी नको गं." पण हंडा काही रडण्याने भरत नाही.

तर माझ्या पोटात हैबतीचं स्वप्न आणि रविनाचा दाखला असे दोघे शेजारी-शेजारी राहू लागले.

घरात मला कुडाच्या भिंतीत खोवलं होतं. खाली चूल, वर धुरात टांगलेली बियाण्याची गाठोडी. पौषात एके दिवशी रघुची आई चैती काकडीचं आणि डांगराचं बी राखेत घोळवून बसली होती. तिला पुडीला कागद हवा होता. तिने इकडेतिकडे बघितलं आणि मला काढलं. मागून उघडलं, दोरा दाताने तोडला आणि शेवटचा फर्मा, अख्खी सोळा पानं, अलगद सोडवून घेतली. किती निगुतीने! पान फाटू दिलं नाही हो म्हातारीने. त्यात बी बांधलं, वर चिंधी गुंडाळली आणि गाठोडं धुरात टांगलं. मला परत भिंतीत खोवलं.

मी मनात आक्रोश केला. माझा शेवट! ज्यावर छापखान्यातला माणूस रडला, तो शेवट काकडीच्या बियांना! आता मी कसली अभिजात? शेपूट तुटलेली पाल बरी, तिला निदान नवं येतं.

थंडी सरली, झिरा बारीक झाला आणि बायकांची रांग लांबली. रविना मला झिऱ्यावर घेऊन जाऊ लागली. पहिल्या दिवशी एकटीच वाचत होती. शेजारच्या घरातली गंगी, तोंडाची फटकळ पण मनाची मोकळी बाई, वाटीने पाणी भरता भरता म्हणाली, "मनात काय वाचतेस गो? मोठ्यानं वाच. हंडा भरंस्तवर आमी काय माश्या मारायच्या?"

तेव्हापासून रविना मोठ्याने वाचू लागली. माझी भाषा जड. ती एक ओळ माझी वाचायची आणि तीच ओळ घरच्या बोलीत सांगायची. बायका ऐकता ऐकता हसायच्या, हळहळायच्या, हैबतीच्या बायकोची बाजू घेऊन आपसात भांडायच्या. अहो, चाळीस वर्षं कॉलेजात काढली, पण माझ्यावरून कधी दोन माणसांचं भांडण झालं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

"कंच्या गावचा हा हैबती?" गंगीने एकदा विचारलं.

"गावाचं नाव पहिल्या पानांत असंल, ती गेली. आणि खरा नाय तो काकी, गोष्ट हाय. बनवलेली."

"बनवलेली?" गंगीने वाटी खाली ठेवली. "बायको पाच येळा माहेराला गेली, पाच येळा परत आली. असं कोण बनवील? माझंच बघ ना."

सगळ्या खो-खो हसल्या, आणि त्या दिवशी झिऱ्यावर ठरून गेलं की हैबती खरा होता. जव्हारकडचा असेल नाहीतर तिकडे घाटावरचा, पण माणूस होता. रविनाने चार वेळा समजावलं, मग तिनेही नाद सोडला.

वाचत वाचत त्या अकराव्या प्रकरणाशी आल्या. 'वगळा' या शब्दाशी रविना थबकली. मला वाटलं, आता ही पुढे जाणार. पण झिऱ्यावर वेळच वेळ होता. तिने सहाच्या सहा पानं वाचली. त्यात हैबती म्हणतो, 'डोंगरात चढ-उतार पायाला विचारू नये, पाय थकलेले असतात. पाण्याला विचारावं.'

आणि मग कातळाशी येऊन मी संपले. पुढे नुसता तुटका दोरा.

"पुढं काय?" गंगी म्हणाली.

"पानं नाहीत. बाजारात गेली असतील."

"असं कसं? पाणी आलं का नाय त्याचं?"

मोबाइलवर शोधावं तर त्याला पुस्तकाचं नाव नको का? आणि माझा शेवट कुठे आहे ते फक्त मला ठाऊक होतं. चुलीच्या वर, धुरात, बियांभोवती. मी ओरडून सांगितलं असतं, पण आम्हा पुस्तकांना दुसऱ्याच्या तोंडानेच बोलता येतं.

शिमग्याला रघु घरी आला. जगायला बाहेर गेलेली माणसं शिमग्याला पाड्यावर येतातच. गंगीने अंगणातच त्याला हैबतीची सगळी गोष्ट ऐकवली आणि वर विचारलं, "तू तर बिल्डिंगीच्या कामावर असतोस. हे पाण्यानं मोजायचं खरं असतं का रं?"

रघु हसला. "डोणी कशाला पायजे वैनी? आमी पारदर्शक पाइपात पाणी भरतो. दोन टोकं दोघांनी धरायची, दोन्हीकडं पाणी एका लेवलला. एकदम बराबर. मजले त्याच्यावरच चढवतात."

"मंग उंबराचा झरा मोज."

"तो खाली हाय. काय मोजायचं?"

"कशावरनं खाली?"

"अगं, भरला हंडा घेऊन चढायला लागतं, त्याच्यावरनं."

"म्हंजे पायालाच विचारलंस," गंगी म्हणाली.

पाड्यावरच्या चार पिढ्यांनी तो झरा खालचाच मानला होता, कारण मध्ये टेकाड होतं. दुसऱ्या दिवशी रघु आणि गंगीचा नवरा जिव्या पाइप घेऊन टेकाडाला वळसा घालत निघाले. रविना काठीवर खुणा करत होती. मी तिच्या खांद्यावरच्या पिशवीत. दुपारी उन्हं उतरायला लागली तेव्हा शेवटची खूण झाली. झरा पाड्यापेक्षा खाली नव्हता. दोन पुरुष उंचीने वर होता! टेकाड मध्ये नसतं तर पाणी आपल्या पायाने पाड्यावर आलं असतं.

रघुने पाइप गुंडाळला. वेणू कंबर धरून दारात उभी होती. त्याने तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आखातीपर्यंत मी ठाण्याला जात नाय. तवर खणू. आलं पाणी तर रविना जूनमध्ये कॉलेजात. नाय आलं तर आपलं नशीब."

वेणूने पदराने तोंड पुसलं. आखाती, म्हणजे अक्षय तृतीया, दीड महिन्यावर होती; घरात कणगीला नागली होती, तिच्यावर तेवढे दिवस काढायचे होते.

मित्रांनो, मी हैबतीला एकोणीस वर्षं एकट्याने खणताना पाहिलं आहे. इथे पहिल्याच दिवशी पाच घरची माणसं आली. टेकाडाच्या पोटाने चर खणायचा आणि त्यात काळा पाइप पुरायचा, असं ठरलं. पाइप मोखाड्याच्या जीपवाल्या धर्मेंद्रने कुठल्याशा बंद पडलेल्या बागेतून मागून आणला. जीपच्या टपावर ती वेटोळी बघून तो म्हणाला, "हैबतीच्या टायमाला माझी जीप पायजे होती." बघा, त्यानेही गोष्ट ऐकली होती. मला हसू आवरेना.

महिनाभर चर पुढे सरकत होता. खूण पाण्याने दाखवायची आणि हात माणसांनी चालवायचे. आणि मग, विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू, वळणावर कातळ लागला. डोंगर म्हटलं की कातळ असायचाच, त्यात नवल नाही. पण सगळ्यांनी एकमेकांकडे असं बघितलं की जणू कातळ माझ्यातूनच उठून तिथे जाऊन बसला होता.

आठ दिवस पहारी घातल्या. पहारींची टोकं बोथटली, कातळाचा टवकाही निघेना. आखाती चार दिवसांवर आली. दुपारी सगळे रघुच्या अंगणात भाकरीला बसले होते. जिव्याने हाताचे फोड बघितले आणि सरळ सांगितलं, "उद्यापासून मी येत नाय. भिवंडीच्या भट्टीवर अजून महिनाभर काम हाय. पोरांना घेऊन जातो."

कोणी त्याला दोष दिला नाही. आणि नेमकी त्याच वेळी चैतीने बियाण्याची गाठोडी खाली काढली. आखाती आली म्हणजे बी उन्हात घालायचं, थोडं टोपलीत रुजवून बघायचं. तिने चिंधी सोडली, कागद उलगडला आणि बी सुपात ओतलं.

रविनाची नजर त्या कागदावर गेली.

आता खरं सांगते. पौषात मी ज्या शेवटासाठी तळमळत होते, तोच शेवट समोर आला तेव्हा मला तो नकोसा झाला. मी मनोमन म्हणाले, आजी, चुलीत टाक तो कागद! गाईला खायला घाल! कारण त्यात काय आहे ते मला पाठ होतं.

रविनाने पानं पुसली. आधी स्वतःशी वाचली. तिचा चेहरा उतरत गेला. शेवटच्या पानावर ती थांबली ती थांबलीच.

"काय गं?" वेणू म्हणाली.

"हैबतीचा शेवट सापडला."

भाकरीचे हात थांबले. चैतीने कपाळावर हात मारला, "अरे द्येवा! मीच बांधलं व्हय त्याला?"

"वाच," जिव्या म्हणाला. "पाणी आलं का त्याचं?"

रविनाने माझ्याकडे पाहिलं. मला समजलं ती काय विचार करते आहे. दोन शब्द पुरले असते: पाणी आलं. अंगणात दुसरं कोणी वाचणारं नव्हतं. मित्रांनो, मी अभिजात कादंबरी, माझा एक कानामात्रा कोणी बदलला तर चिडणारी. पण त्या क्षणी मी हात जोडले. हात असते तर. म्हटलं, खोटं सांग गं पोरी! माझी शपथ आहे तुला, खोटं सांग!

तिने खरं वाचलं. हैबतीने कातळ फोडला. पाट गावापर्यंत नेला. वर जाऊन झऱ्याचं तोंड मोकळं केलं. पाणी निघालं, आणि एकोणीस वर्षं उन्हात भाजलेल्या पाटाच्या मातीने ते वाटेतच पिऊन टाकलं. गावाच्या वेशीशी हैबती वाट बघत बसला होता. दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी लोक गेले तेव्हा तो तसाच बसलेला होता, ओंजळ पुढे करून. ओंजळ कोरडी होती.

गंगी पदर तोंडाला लावून रडत होती. जिव्या जमिनीकडे बघत होता. मला वाटलं, संपलं. स्वप्न हरलं, वास्तव जिंकलं, एवढं लिहा म्हणजे झालं.

तेवढ्यात चैती म्हणाली, "मरताना त्याला पाणी कुणी पाजलं?"

"कुणीच नाय, आजी."

"मंग? नंतर तरी? आखातीला त्याच्या नावानं पाणी कोण ठेवतं?"

"पुस्तक तिथंच संपतं."

"पुस्तक संपतं. माणूस थोडाच संपतो?" म्हातारी सूप बाजूला सारून उठली. "पोर ना बाळ, बायको माहेराला. म्हंजे तो अजून तानेलाच हाय. आरं, आपल्याला रस्ता त्यानं दावला. आपून नाय ठेवायचं तर कोण ठेवायचं?"

इथे सांगायला हवं. आमच्या पाड्यावर आखातीला पाणी देतात ते वारलेल्या माणसांना. पळसाच्या पानावर भात, शेजारी नव्या गाडग्यात पाणी, आणि एकेकाला नाव घेऊन हाक.

"ठेवू आई," रघु म्हणाला. "झिऱ्याचं ठेवू."

"झिऱ्याचं नाय. वाटीवाटीनं चोरून आणलेलं नाय. त्याला पायजे होतं तसलं ठेवायचं. वरनं आपल्या पायानं आलेलं."

"आई, चार दिवस राह्यलेत."

"मंग हितं बसून भाकर काय खातो?"

मग जिव्या उठला. त्याने पाण्याचा घोट घेतला, पहार खांद्यावर टाकली आणि चराच्या दिशेने चालू लागला. त्याच्या मागे रघु, रघुमागे बाकीचे. कंबर धरून वेणूसुद्धा निघाली, तिला गंगीने ओरडून परत बसवलं.

त्या दुपारी त्यांनी कातळाशी जाऊन पुन्हा मोजायचा पारदर्शक पाइप लावून पाहिला. रघु म्हणाला, "हैबतीला पाट पायजे होता, म्हणून त्याला फोडायला लागला. आपल्याला पाइप हाय. फोडायचा कशाला?" मोजलं तर पाइप कातळाच्या खालच्या अंगाने न्यायला हातभर उतार शिल्लक होता. लाकडाच्या मेढी रोवल्या, पाइप त्यावरून लोंबकळू नये म्हणून बांधला, आणि कातळ आहे तिथेच राहिला. अजूनही आहे. पोरं त्याच्यावर घसरगुंडी खेळतात. माझ्या हैबतीला हे सुचलं नसतं. तो फार मानी होता आणि त्याच्याशी बोलायला कोणी नव्हतं.

आखातीच्या दिवशी सकाळी झऱ्याशी पाइपाचं तोंड लावलं. पाड्यावर दुसऱ्या टोकाशी सगळी माणसं गोळा झाली. रविना मला छातीशी धरून उभी होती. मी त्या काळ्या भोकाकडे बघत होते आणि मला माझ्याच शेवटच्या पानाची भीती वाटत होती.

पाइप खोकला. नुसती हवा. पुन्हा खोकला. मग लाल गढूळ गुळणी टाकली, थांबला, आणि पाणी आलं. धबधबा नव्हे हो. अंगठ्याएवढी धार. धर्मेंद्रने जीपमधून आणलेलं पिंप भरायला पाऊण तास लागला. वैशाख उतरता उतरता ती करंगळीएवढी झाली. पण थांबली नाही.

गंगीने पहिला शिंतोडा जिव्याच्या तोंडावर मारला. वेणू ओट्यावर बसून हसत होती आणि रडतही होती. चैती कोणाकडेच बघत नव्हती. पाणी निवळेपर्यंत ती गाडगं घेऊन थांबली. मग तिने पळसाची पानं मांडली: एक नवऱ्याला, एक सासूला, एक लहानपणी गेलेल्या लेकीला. चौथं पान जरा बाजूला, टेकाडाकडे तोंड करून. भात वाढला, गाडगं ठेवलं आणि ज्या सुरात घरच्यांना हाक मारली त्याच सुरात म्हणाली, "हैबती, ये बाबा. पी आता."

मित्रांनो, मला कितीजणांनी समजावून सांगितलं होतं, किती रेघा मारल्या, किती गुण मिळवले. त्या सगळ्यांचे उपकारच आहेत. त्यांच्यामुळे मी तगले. पण माझ्यातल्या माणसाला तहान लागली आहे, हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ध्यानात आलं ते अक्षर न वाचणाऱ्या म्हातारीच्या. आणि तिने माझी पानं काढली नसती, तर माझा शेवट माघातच झिऱ्यावर वाचून झाला असता. मग 'बिचारा हैबती' म्हणून बायका हंडे घेऊन घरी गेल्या असत्या आणि पाइप कोणी हातात धरला नसता. ज्या सुकटवाल्याने माझी सुरुवात नेली आणि ज्या चैतीने माझा शेवट नेला, त्या दोघांना माझा मनापासून नमस्कार आहे.

जूनमध्ये रविनाने मला उघडलं आणि दाखला काढून घेतला. एवढे महिने तो पोटात बाळगला होता, जागा रिकामी झाली तर चुकल्यासारखं वाटलं. पण असं चुकल्यासारखं वाटणं लाखात एखादीच्या वाट्याला येतं. ती मोखाड्याला गेली. जाण्याआधी तिने गोधडीच्या दोऱ्याने माझा शेवटचा फर्मा पुन्हा शिवला. टाके वाकडेतिकडे आहेत, पण घट्ट आहेत. शेवटच्या पानाला राख लागली आहे आणि एक काकडीचं बी चिकटून राहिलं आहे. ते तिने काढलं नाही.

आता थोडं मागणं आहे, तेवढं ऐका. तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी जुनी बाई असेल तर तिला वाळवीपासून जपा, ओल लागू देऊ नका. ज्या पानांवर कोणी 'वगळा' लिहिलं असेल ती जरूर वाचा. आणि गोष्ट संपली की पुस्तक मिटण्याआधी क्षणभर थांबून बघा, आत कोणी तहानलेलं राहिलं आहे का.

यंदाच्या आखातीला चैतीने पुन्हा चार पानं मांडली. रविना सुट्टीला आली होती. ती म्हणाली, "आजी, हैबती खरा नव्हता गं. किती येळा सांगू?"

चैतीने पाइपाच्या धारेखाली गाडगं धरलं आणि म्हणाली, "नसंल. पण पाणी तर खरं हाय ना? ठेव त्याच्या पुढ्यात."

रविनाने ठेवलं.